पट्टे कुठून सुरू होतात

आमच्या घरमालकांनी मला घर दिलं ते मी मराठी होतो म्हणून नव्हे. माझ्या हातात काठी नव्हती म्हणून दिलं. आदल्या आठवड्यात एक गृहस्थ घर पाहून गेले होते. चांगले कॉलेजात शिकवणारे, निर्व्यसनी, दोनच माणसांचं कुटुंब. पण गल्लीतल्या कुत्र्यांच्या धाकानं ते वेताची काठी घेऊन आले आणि तिथंच त्यांचं घर हुकलं. "हातांत काठी असली, की बुद्धी हाताला होते," घरमालक मला म्हणाले. "डोक्याला विचारीत नाहीं मग तो हात."

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. टेलिफोन खात्यानं मला साताऱ्याहून उचलून तंजावूरला टाकलं होतं. नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज यायचं होतं, रस्तोरस्ती केबलसाठी चर खणलेले होते आणि गावातला प्रत्येक माणूस मला रस्त्यात अडवून आपला फोन कधी लागणार ते विचारायचा. एकटे आमचे घरमालकच असे, की त्यांनी फोनचा विषय काढला नाही. त्यांनी विचारलं, "चर खणतांना साप निघतात की नाहीं? कोणते निघतात?"

मी म्हणालो, "लांब असतात."

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

सगळी गल्ली त्यांना पांबु रायर म्हणायची. पांबु म्हणजे साप, आणि रायर म्हणजे तिकडच्या जुन्या मराठी घरांतल्या माणसांना तमिळ लोक ज्या नावानं हाक मारतात ते. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावूरच्या मराठी राज्यात कसलेसे कारकून होते. रायरांना त्याचा अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती. त्या कारकुनीतून त्यांच्याकडे दोनच गोष्टी उतरल्या होत्या: एक मराठी, जिच्यात ‘नाहीं’, ‘कोठें’, ‘एथें’ असे आपल्या पणजोबांचे नाकातले उच्चार जिवंत होते, आणि दुसरी मोडी लिपी. रोज पाहिलेल्या सापांची वही ते मोडीत लिहीत. कोणत्या बांधावर, कोणत्या बिळाशी, कोणत्या वेळी. गल्लीत कुणाला देवनागरीही येत नव्हती, मग मोडी कुठली. सापांचे पत्ते त्यामुळे सुरक्षित होते. मलाही मोडी येत नाही हे कळल्यावर त्यांना धक्का बसला. "महाराष्ट्राचे तुम्हीं," ते म्हणाले, "आणि मोडी नाहीं? मग तेथें करतां काय इतके लोक?" पण नंतर विचार करून म्हणाले, "बरं झालं. वही उघडी ठेवायला हरकत नाहीं."

त्यांनी उभी नोकरी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लॅब असिस्टंट म्हणून केली होती. लोक साप मारून कॉलेजात आणून देत. रायरांनी तो धुवायचा, वेटोळं घालून बरणीत बसवायचा, स्पिरिट ओतायचं, लेबल लावायचं. तीस वर्षांत एकही जिवंत साप त्यांनी धड पाहिला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी प्राध्यापकांनी त्यांना शाल दिली आणि भाषण करायला लावलं. रायर म्हणाले, "ह्या सगळ्यांची क्षमा मागतों," आणि खाली बसले. प्राध्यापकांना वाटलं, आपली मागितली. ती बरण्यांची होती.

दुसऱ्या दिवसापासून ते जिवंत साप पाहायला निघाले. मी भेटलो तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. सकाळी सहाला कॉफी घेऊन निघायचं ते नऊला परत. गल्लीच्या टोकाला वडवारु नदी, तिच्यापलीकडे कालवे, बांबूची बेटं आणि भाताची शेतं. वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काळी छत्री, आणि पायांत मात्र पोलिसाला शोभतील असे घोट्याच्या वर येणारे चामडी बूट. वेष्टीखाली बूट पाहून पोरं हसायची. रायर म्हणत, "सापांवर माझा जीव आहे. पण नागाला तें कोठें माहीत?"

मला त्यांनी सोबत कसं ओढलं ते आता नीट आठवत नाही. मी लहानपणापासून सापाला भिणारा. आमच्या टेलिफोनच्या रस्त्यावरच्या लोखंडी कपाटांत उबेला साप येऊन बसतात, म्हणून कपाट उघडताना मी लाइनमनच्या मागं उभा राहायचो आणि त्याला तांत्रिक सूचना द्यायचो. हे रायरांना कळल्यावर ते खूश झाले. "भिणारा मनुष्य नीट पाहतो," ते म्हणाले. "शूर लोक पायच ठेवतात."

त्यांची पाहण्याची पद्धत अशी, की आधी ते सापाकडे पाहतच नसत. ऐकत. साळुंक्या एका जागी जमून कडाकडा भांडायला लागल्या, की खाली कोणीतरी आहे. खार झाडाच्या बुंध्याशी उलटी लटकून शेपटी झटकत एकच सूर लावते, तेव्हाही आहे. मार्गळीच्या थंडीत बांधाच्या पूर्वेकडच्या उताराला पहिलं ऊन पडतं, तिथं जायचं, पण सावली आपल्या पुढं, सापावर पडेल अशा बाजूनं नाही आणि पाय आपटत तर नाहीच. आडी महिन्यात कावेरीचं पाणी कालव्यांतून शेतात शिरलं, की उंदरांच्या बिळांत पाणी भरतं आणि बांधांवर धामणींची जत्रा होते. मग थांबायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. हात लावायचा नाही, हुसकवायचं नाही, दुसऱ्याला बोट करून दाखवायचं नाही. "तो जेवढं पाहूं देईल तेवढं पाहायचं. निघाला, की आपणहि निघायचं. पाहुण्यानं चहा संपल्यावर बसूं नये."

आणि खरंच, एकदा डोळे बसले, की ज्या कुंपणाशी मी वर्षभर स्कूटर लावत होतो त्याच कुंपणात पोपटी रंगाचा एक हात-दीड हात लांब साप वाऱ्याबरोबर हलकेच डोलत असायचा, पानाचा देठ असावा तसा. तमिळ लोक त्याला फार भितात. तो उडी मारून माणसाचे डोळे टोचतो म्हणतात. बाया त्या कुंपणावरून जाताना डोळ्यांवर हात धरायच्या. रायर त्याच्या समोर वीतभर अंतरावर उभे राहून त्याची ती आडवी बाहुली बघत बसत. मला त्यांनी विचारलं, "ह्याला मराठींत काय म्हणतां?" मला येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांनाही येत नाही. सगळे साप त्यांना तमिळमध्ये ठाऊक होते आणि लॅटिनमध्ये ठाऊक होते, पण घरच्या भाषेत एक ‘नाग’ सोडला तर नाव नव्हतं. इतक्या पिढ्यांच्या वाटेत ती नावं कुठंतरी सांडली होती.

मी वाईजवळच्या आमच्या मामाला पत्र घातलं. मामा शेतकरी आणि थोडा चक्रम. त्याचं कार्ड आलं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं: धामण, दिवड, घोणस, मण्यार, कवड्या, हरणटोळ. रायरांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. "हरणटोळ," ते म्हणाले. तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून संध्याकाळभर अधूनमधून स्वतःशीच म्हणत राहिले. "हरणटोळ." मी माणसांना फोन लावून दिलेत, त्यांनी आनंदानं मिठाई दिलीय, पण तेवढा आनंद मी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं भांडण दोघांशी असायचं. साप मारणाऱ्यांशी तर होतंच, पण शुक्रवारी वारुळावर दूध ओतायला जाणाऱ्या बायांशीही होतं. "साप दूध पीत नाहीं, अम्मा. घरांत दूध शिरलं, की बिचारा पळतो. तुझ्या स्वयंपाकघरांत कोणी घागरभर रॉकेल ओतलं तर?" बाया हसायच्या आणि ओतायच्या.

पण एक गोष्ट त्या बायाही मान्य करीत. साप घरात निघाला, की रायरांना हाक मारायची आणि ते सांगतील तसं करायचं. हा त्या गल्लीचा कायदाच झाला होता. रायर येत, पाहत आणि एका वाक्यात निकाल देत. बिनविषारी असेल तर दार उघडं ठेवा, जाईल. विषारी असेल तर माणसांनी घराबाहेर व्हायचं. एकदा एका स्वयंपाकघरात नाग शिरला. रायरांनी घर रिकामं केलं, मोरीचं भोक मोकळं करायला लावलं आणि दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. ते सगळं कुटुंब शेजाऱ्यांकडे जेवलं. तीन वाजता नाग मोरीतून निघून गेला. रायरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "आतां कॉफी चालेल."

आमच्या लाइनमन लोकांनाही त्यांनी असंच वळणावर आणलं. एका कपाटात मोठी धामण निघाली, सगळे लोखंडी पहारी घेऊन धावले. मी स्कूटरवर रायरांना मागं बसवून आणलं. ते म्हणाले, "तुमच्या केबली उंदीर खातात. उंदीर ही खाते. सरकारी नोकर आहे, हिला मारलं तर चौकशी होईल." लाइनमन हसले, आणि पहारी खाली आल्या. बारा वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं. एकदाही नाही. त्या एका गोष्टीवर त्या भागातले सगळे साप जगत होते.

कारण बाकी सगळं सोपं आहे हो, पण दोन सापांत माणूस फसतो. मण्यार आणि कवड्या. दोन्ही काळपट, दोन्ही घरात येणारे, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्या पाली खाणारा गरीब प्राणी. मण्यारीचा चावा कळतसुद्धा नाही, माणूस झोपतो तो उठत नाही. रायरांनी मला हे तिण्णैवर रांगोळीच्या पिठानं काढून शिकवलं होतं. "पट्टे कोठून सुरू होतात? हेंच विचारायचं. मानेपासून सुरू, शेपटीकडे पुसट, तर कवड्या. पुढचं अंग कोरं, मागं शेपटीकडे ठळक, तर मण्यार. ह्यांत घाई नाहीं, अंदाज नाहीं. पट्टे कोठून सुरू होतात?" माझ्या बायकोलाही ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

बायकोनंच मला पहिल्यांदा सांगितलं. "तुमच्या गुरुजींना दिसत नाही नीट," ती म्हणाली. "काल मी कॉफी दिली तर त्यांनी टंबलरातली कॉफी खालच्या पसरट डवऱ्यात ओतताना निम्मी मांडीवर ओतली. आणि भाजल्याचं दाखवलंसुद्धा नाही." मी म्हणालो, वय झालंय, हात कापतो. हात कापत नव्हता. बरेच दिवस ते सकाळी मला पुढं चालायला सांगत आणि विचारत, "काय दिसतं तें सांगा. रंग सांगा. केवढा तें सांगा." मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. मी छाती फुगवून उत्तरं द्यायचो. वहीतल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं आणि मोडी अशीच असते असं समजून सोडून दिलं होतं. मला त्यांनी सापाकडे पाहायला शिकवलं. त्यांच्याकडे मी काही पाहिलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षी भोगीला हे व्हायचं होतं. तिकडे पोंगलच्या आदल्या दिवशी पहाटे घरातलं जुनंपानं काढून दारात जाळतात. गल्लीत सात-आठ ठिकाणी धूर चालला होता. फाटक्या केरसुण्या, सुपं, मोडक्या टोपल्या आणि चटया. समोरच्या घरात सेल्वी नावाची बाई राहायची. नवरा गल्फमध्ये, घरी सासू आणि अकरा महिन्यांचं मूल. पुढच्या खोलीत तिनं एसटीडी बूथ काढला होता, पिवळ्या पाटीचा. लाइन मीच दिली होती. मागच्या खोलीत साडीच्या झोळीत मूल निजायचं. त्याच झोळीखाली भिंतीला टेकून ठेवलेल्या जुन्या चटईची गुंडाळी ती जाळायला उचलायला गेली, तर आत साप.

"रायर तात्ता!" ती ओरडली. तात्ता म्हणजे आजोबा. गल्ली धावली, रायर धावले, मीही गेलो. खोलीत पंधरा-वीस माणसं, चटई जमिनीवर अर्धी उलगडलेली आणि तिच्या घडीत साप वेटोळं करून, डोकं आत खुपसून पडलेला. हलत नव्हता. बाहेरच्या धुरानं खोली कोंदली होती.

रायर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग तमिळमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घाबरू नका. गरीब साप आहे, पाली खाणारा. ह्याला मी बाहेर काढतो." सेल्वीनं मोठा श्वास सोडला आणि कडेवरचं मूल खाली ठेवलं. मूल लगेच रांगायला लागलं. रायरांनी चटईची कड धरायला हात पुढं केला.

मी पाहत होतो. वेटोळ्यातून सापाचं पुढचं अंग जेवढं दिसत होतं तेवढं कोरं काळं होतं. पट्टे मागं होते. जोडी-जोडीनं, शेपटीकडे चुन्यानं ओढावेत तसे.

सगळी गल्ली उभी होती. त्यांचं चुकलंय हे मी बोललो तर बारा वर्षांचा तो शब्द माझ्या हातून मोडणार होता, आणि तो मोडला, की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरात काठी. नाही बोललो तर त्यांचा हात चटईला लागणार होता, आणि मूल चार हातांवर होतं. मी हे सगळं एवढं नीट विचार करून ठरवलं असं नाही. मी मराठीत म्हणालो, "रायर, पट्टे कुठून सुरू होतात?"

मराठी तिथं कुणाला कळत नव्हती. त्यांचा हात थांबला. पाठ वाकलेलीच होती. मग तसेच, मान न वळवता, ते म्हणाले, "तुम्हीं सांगा. मला दिसत नाहीं."

"मधून," मी म्हणालो. "पुढं काही नाही. शेपटीकडे ठळक."

त्यांनी हात मागं घेतला. सावकाश उभे राहिले. मी हलक्या आवाजात घाईघाईनं म्हणालो, "सांगा ना, की आता नीट पाहिलं, मण्यार आहे. कुणाला काय कळतंय." खरंच कुणाला कळलं नसतं. आम्हां दोघांतच ते राहिलं असतं. पण रायर वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "माझं चुकलं. हा कट्टु विरियन आहे. विषारी. मूल उचल, सेल्वी. मला वर्षभर नीट दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

सेल्वीनं मूल झडप घालून उचललं. मग ती जे बोलली ते मला पूर्ण आठवतं. "दिसत नव्हतं, तर मग माझ्या मुलाच्या जिवाशी का खेळलात?" तिचं काही चुकीचं नव्हतं. रायर म्हणाले, "होय." एवढंच.

आता बाहेर व्हा, चटई राहू द्या, हे सांगायला ते तोंड उघडत होते. पण त्यांचं ऐकण्याची वेळ गेली होती. दोघा-तिघांनी बांबूंनी चटई सापासकट रेटत दारापर्यंत नेली आणि भोगीच्या जाळात ढकलली. रायर तिण्णैला धरून उभे होते. ते जळणं त्यांना दिसलं नसेल. वास आला असणार.

मी त्यांना घेऊन मदुरैला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली थोडे दिवस टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. गल्लीनं वेगळं निदान केलं: त्या कुंपणावरच्या हिरव्या सापानं डोळे टोचले, रोज तोंडाशी तोंड नेऊन उभे राहायचे ना. बारा वर्षं ज्यांनी त्यांचं ऐकलं होतं, त्यांना हे एका दिवसात पटलं. साप साप म्हणून भुई धोपटायला लोकांना निमित्तच हवं असतं. मासी-पंगुनी या दोन महिन्यांत गल्लीत किती साप मारले गेले ते मी त्यांना सांगत नसे. कवड्या गेला, एक दिवड गेली, धामणीची पिल्लं गेली. कुंपणाच्या तारेवर टाकून ठेवत, शेजाऱ्यांना दिसावेत म्हणून. रायर तिण्णैवर बसून असत. धावपळ ऐकली, की मान तिकडे वळायची. काठीचे आवाज थांबले, की मान परत सरळ. मला एकदाच म्हणाले, "मी आधीं सांगितलं असतं तर." मी फिरायला चला म्हटलं तरी ते येईनात. मी एकटा गेलो दोन-तीनदा, गंमत नव्हती.

चित्तिरै महिन्याच्या उन्हातली एक दुपार. मी जेवायला घरी आलो होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुरुष सगळे कामावर. समोर बूथमध्ये एक म्हातारे गृहस्थ मुंबईला लाइन लागायची वाट पाहत बसले होते. एकाएकी सेल्वी बाहेर आली, अनवाणी, मूल कडेवर. भोगीपासून ती आमच्या बाजूला फिरकली नव्हती. ती तापलेल्या रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली.

"तात्ता," ती म्हणाली. "बूथच्या छपरावर साप आहे. शेवग्यावरून उतरलाय. चला," आणि मग आठवून गप्प झाली.

"मी येऊन काय करू?" रायर म्हणाले. "मूल सासूपाशी दे. तू बघ आणि मला सांग."

"मी?"

"तुझे डोळे चांगले आहेत."

तिनं मूल आत दिलं आणि आपल्या दाराशी उभी राहिली. गल्ली इतकी अरुंद, की दोन्हीकडून साधं बोललं तरी ऐकू यावं. "काळा आहे!" ती म्हणाली. "मोठा आहे!"

"सगळे साप पहिल्यांदा काळे आणि मोठेच असतात," रायर म्हणाले. "आता परत बघ."

ती बघायला लागली. मी ओट्याच्या पायरीवर, तोंडात घास तसाच. काळा नाही, ती म्हणाली. पाठ तांब्याची आहे, घासलेल्या तांब्याची. हाताच्या बोटाएवढा जाड, पण लांब आहे, माझ्या साडीच्या पदराएवढा. पोट पिवळट. डोळा मोठा. मग तिचा आवाज पडला. "तात्ता, कोंबेरि मूक्कन आहे हा." त्या सापाबद्दल तिकडे सांगतात, की तो माणसाला चावतो आणि मग झाडाच्या शेंड्यावर चढून त्याची चिता पेटलेली पाहतो. आपल्याकडची रुखई ती. विष म्हणून नावाला नाही.

"असेल," रायर म्हणाले. "मी चिता पेटलेली पाहणारा अजून पाहिला नाही. चावून त्याला काही करता येत नाही. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मला दिसत नाही. तूच बघ, तो काय करतोय."

"मान फुगवतोय."

"मानेवर काय आहे?"

ती टाचा उंचावून बघू लागली. एवढ्यात गल्लीच्या टोकाच्या सायकल दुरुस्तीवाल्याला कुणीतरी बोलावलं असावं, तो बांबू घेऊन पळत आला. "कुठंय? बाजूला व्हा, अक्का." सेल्वीनं छपरावरची नजर न काढता त्याच्या छातीवर हात आडवा धरला. "थांब," ती म्हणाली. "माझं सांगून झालं नाही." तो बांबू धरून उभा राहिला. बूथमधले म्हातारे गृहस्थही बाहेर येऊन वर बघायला लागले. त्यांची मुंबईची लाइन आत वाजत होती.

"निळं आहे," सेल्वी म्हणाली. "मान फुगली, की खवल्यांच्या मधून निळं दिसतंय. मिटली, की जातंय."

रायरांनी ओट्याच्या खांबाला डोकं टेकवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. उघडे असते तरी फरक नव्हता. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, कारण त्यांना कुणाला विचारण्याची गरजच पडली नव्हती.

"सुंदर आहे का ग?"

सायकलवाल्यानं बांबू जमिनीला टेकवला आणि तोही वर बघू लागला.

"आहे, तात्ता," ती म्हणाली. "फार सुंदर आहे."

"मग सावकाश सांग," रायर म्हणाले. "मला घाई नाही."